तिसऱ्या बैलाचे हुलगे

गुलाबी झाकणाची काचेची डबी. आत पांढरी मलई, वास गुलाबाचा.

पाणी वाहायची कातडी पखाल उन्हात पडून राहिली की आधी तिला बारीक रेघा पडतात, मग रेघांच्या भेगा होतात.

सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही. सुनेनं तर नाहीच नाही.

दुपारची वैरण झाली की हिऱ्या मोठ्यानं वारा सोडायचा, आणि ओसरीवर आडवा झालेला कडूबा डोळे न उघडता म्हणायचा, "बराबर."

फोडणीतल्या लसणाची एक पाकळी, कडेनं तांबूस.

शनिवारी उपास.

ही सगळी एकाच घरातली गोष्ट आहे. आष्टीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठानं एक गाव होतं, तिथं कडूबाचं घर. राज्य निजामाचं, जमीन काळी, बैल दोन, मुलगा एक. मुलाचं नाव भुजंग आणि त्याच्या बायकोचं सोनूबाई. घरात सत्ता होती कडूबाची बायको गोजरबाई हिची, आणि मान होता बैलांचा. जेवणाची रीत बापजाद्यांनी घालून दिलेली. आधी बैल, मग गडी, मग बाया. बैलांना हुलगे, गड्यांना वरण. बायांची पाळी येईपर्यंत भगुन्यात जे उरायचं त्याला वरण म्हणायला तोंड धजत नसे. वरणाची आठवण म्हणा फार तर. तिच्यात भाकरी बुडवायची, ठेच्याला बोट लावायचं आणि उठून भांडी घासायला बसायचं.

हुलगे म्हणजे कोकणातली माणसं ज्याला कुळीथ म्हणतात आणि स्वतःच खातात ते. इकडे ते बैलाचं खाणं. माणसानं हुलगे खाणं म्हणजे माणसानं कडबा खाणं.

कडूबाला कातडं वाचता यायचं. बाजारात कोणी बैल घ्यायला निघालं की त्याला सोबत नेत. तो बैलाच्या बरगडीवरची कातडी चिमटीत धरायचा, वर ओढायचा आणि सोडायचा. जल्दी जागेवर बसली तर जनावर पोटभर आहे. सावकाश बसली तर मालक खोटारडा आहे. तेल चोपडून चमकवलेला बैल तो रस्त्याच्या पलीकडून ओळखायचा, आणि मोठ्यानं ओळखायचा.

"चमक वरून लावता येत न्हाई," तो पारावर सांगायचा. "ती आतून येती. कडब्यानं पोट भरतं, कातडं भरत न्हाई. कातड्याला, केसाला, खुराला डाळीच्या जातीचं काहीतरी लागतं. हुलगे म्हणा, उडीद म्हणा, पेंड म्हणा. ते पोटात गेल्याबिगर जखम भरून येत न्हाई, भेग बुजत न्हाई, केस हातात येतो."

घरी आल्यावरही तो हेच सांगायचा. सोनूबाई दाराआडून ऐकायची. तिचे हात भेगाळलेले होते, विळा लागलेलं बोट उन्हाळा सरला तरी भरलं नव्हतं, आणि वेणी घालताना केस मुठीनं निघत होते. तरी हे आपल्याबद्दल असेल असं तिच्या मनात आलं नाही. कडूबाच्याही आलं नाही. कारण बोलणं बैलांचं चाललेलं होतं.

पखाल उन्हात पडून राहिली की. त्या साली सोनूबाईचं तसंच झालं. मान, कोपरापासून खालचे हात आणि गाल काळवंडले, मग त्यावर रेघा आल्या, मग भेगा. ओठांचे कोपरे चिरले, जांभई द्यायची चोरी झाली. विहिरीवरच्या बाया पोहरा तिच्या हातात न देता खाली ठेवायला लागल्या, आणि त्या रोगाचं नाव न घेता त्याच्याबद्दल बोलायला लागल्या. गोजरबाईनं ते ऐकलं आणि एका संध्याकाळी निकाल देऊन टाकला. पोळ्यापर्यंत वाट बघू. पोळ्याला अंग नितळ निघालं तर ठीक, नाहीतर भुजंगानं गाडी जुंपून बायकोला अंबडला तिच्या बापाकडे पोचती करावी. भुजंग आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. भाकरी खाऊन होईपर्यंत त्याला मत नसायचं, आणि खाल्ल्यावर झोप यायची.

सोनूबाईला अंबडला जायचं नव्हतं. तिथं बापाच्या घरात दोन भावजया होत्या, आणि परत आलेली नणंद म्हणजे काय असतं ते तिनं शेजारच्या घरात पाहिलं होतं. शिवाय भुजंग बिनमताचा असला तरी रात्री तिच्या हातांना करडीचं तेल लावून द्यायचा. ते भेगांत झोंबायचं. ती तसं सांगत नसे.

उपाय सगळे झाले. कडुलिंबाचा पाला झाला, गंधक झालं, पिवळी माती झाली. मग गोजरबाईनं मारुतीला नवस बोलून सुनेच्या पदरात शनिवार टाकला. आषाढ लागला तशा एकादश्या आल्या. उपास वाढले तशा भेगा वाढल्या, आणि भेगा वाढल्या म्हणून उपास वाढले. शेवटी भुजंगानं आष्टीच्या बाजारात अमरचंद शेठजीच्या दुकानातून ती गुलाबी झाकणाची डबी आणली. अमरचंदचा आजा मारवाडातून आला होता, पण माल खपवायचा असला की अमरचंद गावकऱ्यांहून गोड मराठी बोलायचा. या मलईनं म्हैससुद्धा उजळून निघते असं त्यानं भुजंगाला सांगितलं होतं. सोनूबाईनं मलई लावली. तिच्यावर माशा बसल्या. दुसऱ्यांदा लावली तेव्हा चुलीची राख बसली. तिसऱ्यांदा तिनं डबी फडताळात ठेवून दिली आणि नवऱ्याला सांगितलं की रोज लावते.

त्याच सुमारास गोजरबाईचे गुडघे धरले आणि बैलांचे हुलगे शिजवायचं काम सोनूबाईकडे आलं.

आता सासऱ्यानं सुनेला काम समजावून सांगायचं कसं? त्या घरात त्यावर तोडगा होता, आणि तो दावणीला बांधलेला असायचा. कडूबा गोठ्यात आला, हिऱ्याच्या मानेवर हात ठेवला आणि खांबाआड उभ्या असलेल्या सुनेला ऐकू जाईल असं बोलला.

"हिऱ्या, तिला सांग, हुलगा शिजला का ते बोटानं दाबून कळत न्हाई. दाताखाली धरून बघावं. अर्धाकच्चा राह्यला तर तुझं पोट फुगंल, अन् तुला काही बोलून दाखवता येत न्हाई."

"हिऱ्या, म्हणावं बरं," सोनूबाई म्हणाली.

हिऱ्यानं दोन्हीकडचं ऐकून घेतलं.

म्हणजे पहिला दाणा तिनं हुकमानं खाल्ला, हे ध्यानात ठेवायला हवं. दुसरा दाणा खाल्ला कारण वरचा शिजला म्हणून बुडाचा शिजेलच असं नाही. तिसरा मधला. मग तिच्या लक्षात आलं की एकेक दाणा दगा देऊ शकतो, घासभर घेतल्यावर नीट अंदाज येतो. घास कोरडा लागला म्हणून त्याच्यावर मीठ आलं. मीठ आल्यावर वाटी आली. वाटी आल्यावर सोनूबाई चुलीपाशी खाली बसली, कारण वाटी उभ्यानं खात नाहीत.

पहिल्या शनिवारी ती वाटी हातात घेऊन थबकली. उपास मोडत होता. पण मग तिनं विचार केला की उपास असतो माणसाच्या खाण्याचा, आणि हुलगे माणसाचं खाणं नव्हे. घरात कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. ती खाऊन उठली. मारुतीनं काही हरकत घेतली नाही.

वाटी कोणाच्या वाट्यातून काढायची हे मात्र तिनं नीट ठरवलं. दुसरा बैल मुंग्या, तो शिंग उगारायचा. हिऱ्या गरीब होता. फुकट घेणं तिच्या जिवाला लागायचं, म्हणून ती आपल्या वाट्याची भाकरी पदराआड आणून हिऱ्यापुढे टाकायची, आणि भगुनं विसळून निघालेली वरणाची आठवण तिच्यावर ओतायची. अदलाबदल झाली. तिला हिशेब सरळ वाटला. हिऱ्या भाकरी आवडीनं खायचा.

श्रावण अर्ध्यावर आला तेव्हा सोनूबाईनं मोकळी जांभई दिली. ओठांच्या कोपऱ्यांच्या चिरा बुजल्या होत्या. मग विळ्याचं बोट भरलं. मानेवरच्या खपल्या धुणं धुताना आपोआप निघाल्या आणि खालून नवी कातडी आली, तुकतुकीत. केस कंगव्यात यायचे थांबले. विहिरीवर एका बाईनं पोहरा चुकून तिच्या हातात दिला, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम दिला.

गोजरबाईनं मारुतीला नारळ फोडला. डबी आपण आणली होती हे भुजंगाच्या चालण्यातून दिसायला लागलं. आष्टीच्या बाजारात अमरचंद डबी विकताना सांगायचा की माझ्यावर भरवसा नको, कडूबाची सून बघून या. बाया खरोखर येऊन बघायच्या. तिला उजेडात उभी करायच्या, हनुवटी वर करायला लावायच्या, गालाचा चिमटा घ्यायच्या आणि सोडायच्या. सोनूबाई मान खाली घालून उभी राहायची. तिला सारखं वाटायचं, की आता कोणीतरी तोंड उघडून दात मोजणार.

दुपारची वैरण झाली. ओसरीवर आडवा झालेला कडूबा एकदम उठून बसला. त्याला शांततेनं जाग आली होती.

तो गोठ्यात गेला. हिऱ्या उभा होता, पण वारा नव्हता. कडूबानं त्याच्या बरगडीची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती खाली बसेपर्यंत बघत राहिला. बराच वेळ बघावं लागलं. अंगावरचा लाल केस भुरकट झाला होता. खुराला बारीक भेग होती. जू घासून मानेवर पडलेला चट्टा भरत नव्हता. पलीकडे मुंग्या नवं तांब्याचं भांडं ठेवल्यासारखा चमकत होता. एका गव्हाणीचं, एका पाण्याचं, एका हाताचं खाणारे दोन बैल. हिऱ्या मान खाली घालून, कोणाच्या अध्यात ना मध्यात, भाकरीच्या वासाकडे कान लावून उभा असायचा. नीट पाहिलं असतं तर कोणालाही दिसलं असतं, की त्याच्यावर सुनेची कळा आली आहे.

पोळा जवळ आला होता. दरवर्षी पोळ्याला वेशीजवळ बैल उभे राहिले की लोक हिऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायला यायचे, आणि पलीकडच्या आळीतला रखमाजी, ज्याची जोडी कायम दुसरी ठरायची, तो तेवढा वेळ आभाळाकडे बघायचा. कडूबाची झोप उडाली. त्यानं कडबा बदलला. पाणी बदललं. रखमाजीची नजर लागली म्हणून दावणीला बिबा बांधला. काही फरक पडेना.

सोनूबाई हे खांबाआडून बघत होती. सरळ होतं सगळं. आपण हुलगे खाल्ले तर हिऱ्या उतरतो, आणि कडूबासारखा माणूस आज ना उद्या कारण शोधून काढणार. नाही खाल्ले तर पखाल परत येते, आणि गाडी अंबडच्या वाटेला लागते. आणि बैलाच्या तोंडचं खाणारी म्हणून परत जाणं हे तर त्या न बोलायच्या रोगापेक्षा वाईट होतं. रोगी सुनेची माणसं कीव तरी करतात. खाणं बंद करायचं, असं ती रोज सकाळी ठरवायची. आणि रोज सकाळी हुलगे शिजले का ते बघावं लागायचं.

मग एका सकाळी कडूबानं जन्मभर पारावर सांगितलेलं सगळं गिळलं. गोठ्यात येऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, "हिऱ्या, विचार तिला, ती डबी उरली आहे का?"

डबी जवळजवळ भरलेली होती. सोनूबाईनं ती खांबापाशी ठेवली आणि मागे सरकली. एवढी कशी उरली, हे कडूबानं विचारलं नाही. माणूस लाजलेला असला की फार विचारत नाही. त्यानं अर्धी मलई हिऱ्याच्या पाठीला चोळली आणि हात धुवायला गेला. येईपर्यंत मुंग्यानं ती चाटून खाल्ली होती. उरलेली अर्धी त्यानं मानेला चोळली आणि वाळेपर्यंत दोन्ही बैलांच्या मध्ये उभा राहिला. हिऱ्या उजळला नाही. गुलाबाचा वास मात्र बसला तो बसलाच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात. त्या दिवशी दुपारी गोजरबाई पळसाची पानं आणायला गेली होती, गडी ओढ्यावर बैल धूत होते. घरात कोणी नव्हतं. सोनूबाईनं ठरवलं की आज शेवटचं. आणि शेवटचंच असेल तर नीट करावं. तिनं पळीत तेल तापवलं, जिरं टाकलं, ठेचलेला लसूण टाकला आणि वाटीतल्या हुलग्यांवर चरचरीत फोडणी ओतली. पहिला घास तोंडाशी नेते तोच दारात गोजरबाई गुडघ्यांना शिव्या देत आली. सोनूबाईनं वाटी होती तशी हिऱ्याच्या घमेल्यात उपडी केली आणि घमेलं उचलून गोठ्यात नेलं.

दिवस कलता कडूबा खांदे मळायला बसला. मुंग्याचा खांदा हाताखाली सरसर फिरला. हिऱ्याच्या खांद्यावर हात फिरवला तर तळव्याला केस चिकटले. हिऱ्याचं लक्षच नव्हतं. तो गव्हाणीत तोंड घालून जिभेनं काहीतरी बाजूला सारत होता. कडूबानं हात घालून ते उचललं. बोटांत फिरवलं. नाकाशी नेलं.

सोनूबाई हळद-लोण्याची वाटी घेऊन खांबापाशी उभी होती. कडूबानं पाकळीवरून नजर उचलली ती तिच्या मनगटावर गेली. मावळतीचं ऊन तिथं पडलं होतं. ती चमक त्यानं कुठं पाहिली होती ते आठवायला त्याला वेळ लागला नाही. गेल्या पोळ्याला पाहिली होती. हिऱ्याच्या पाठीवर.

"हिऱ्या," तो सावकाश म्हणाला, "तू लसूण कधीपासून खाऊन राह्यला?"

सुनेनं उत्तर द्यायचं नसतं. सोनूबाईला त्या रिवाजाआड लपता आलं असतं. पण हिऱ्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता, आणि तोच एकटा होता ज्याचं तिनं खाल्लं होतं.

"हिऱ्या, मामंजींना सांग," ती म्हणाली, "शिजलं का ते बघायला त्यांनीच सांगितल्तं."

"एवढं बघावं लागतं?"

"वरचं येगळं शिजतं, बुडाचं येगळं."

कडूबानं विचारलं, "अन् मधलं?"

"मधलं बी बघावं लागतं."

मग तिनं हळद-लोण्याची वाटी खांबापाशी ठेवली. "हिऱ्या, म्हणावं, मला अंबडला पोचवायचं तर पोचवा. पण बैलाचं खाल्लं म्हणून आत्याबाईला सांगू नका. अंगावर परत आलं म्हणून पोचवली, असंच सांगा."

जन्माच्या सवयीनं कडूबाची चिमूट हिऱ्याच्या बरगडीवर गेली. कातडी वर आली. सुटली. सावकाश, फार सावकाश खाली बसली. असं कातडं बघून मालकाला काय म्हणायचं ते त्यानं भरल्या बाजारात कैक लोकांना म्हटलं होतं. आता गोठ्यात मालक एकच होता. आणि त्यानं वाचलेलं कातडं एकट्या बैलाचं नव्हतं.

त्यानं लसणाची पाकळी धोतराला पुसली आणि तोंडात टाकली.

"हिऱ्या," तो चावता चावता म्हणाला, "तिला सांग, मीठ कमी आहे."

दुसऱ्या दिवशी वेशीजवळ बैल उभे राहिले. लोक सवयीनं हिऱ्याच्या पाठीवर हात फिरवायला आले आणि हात मागे घेऊन वास घ्यायला लागले. रखमाजीनं या खेपेला आभाळाकडे बघितलं नाही. तो जवळ आला, हिऱ्याची मान हुंगली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कडूबा, बैल आणायचा असतो पोळ्याला. तू नवरी आणलीस."

पाराजवळ उभ्या असलेल्या बायांत सोनूबाई होती. एका वाक्यात कडूबाला आपलं नाव सोडवून घेता आलं असतं, आणि ते वाक्य काय असेल हे तिला ठाऊक होतं. तिनं पदराचं टोक दातात धरलं.

"सुनेची मलई उरल्ती," कडूबा म्हणाला. "लावून बघितली. काही उपेग न्हाई तिचा, शेठजीला सांगा."

लोक हसले. रखमाजीची जोडी त्या साली पहिली ठरली. भुजंगाला डबीबद्दल वाईट वाटलं, पण पुरणपोळी खाईपर्यंत त्याला मत नव्हतं.

त्या दिवशी बैल जेवले, गडी जेवले. कडूबानं हात धुतला आणि जाता जाता गोजरबाईला सांगितलं की उद्यापासून हुलगे तीन बैलांचे शिजायला टाक. गोजरबाई म्हणाली की दावणीला बैल दोन आहेत. कडूबा म्हणाला की तिसऱ्याचा खर्चा मी बघतो, तू माप टाक. तिसरा कुठून येणार, कधी येणार, हे गोजरबाईनं विचारलं नाही. तिनं पोळ्याचा निकाल काय लावायचा तेही काढलं नाही. सोनूबाईच्या हनुवटीला धरून तिनं तोंड उजेडाकडे वळवलं, बघितलं, आणि सोडलं.

सकाळी सोनूबाई चूल पेटवायला गेली तेव्हा गोजरबाईनं हुलगे मोजून भिजत घातलेले होते. तिनं अंदाज घेतला. ते चार बैलांचे होते, आणि भगुन्याशेजारी सोललेल्या लसणाची वाटी होती.

गोजरबाई नवी सून म्हणून या घरात आली, त्या साली पोळ्याला घरच्या दोन्ही बैलांची कातडी भुरकट पडली होती, आणि नजर लागल्यामुळे तसं झालं असं कडूबाच्या बापानं गावाला सांगितलं होतं.